अमालियाला साधं कॉलेज पण धड करता आलं नाही

डच राजकन्या अमालियाचा, म्हणजे तिथल्या पुढच्या राणीचा, कुठलाही फोटो आला की खाली तेच ते सुरू होतं. हिला काय कमी आहे, आयतं मिळतंय, आमच्या टॅक्सवर मजा मारतेय. शिवाय तिच्या अंगावरून नि कपड्यांवरून जे बोलतात ते तर इथे लिहिण्यासारखं पण नाही.

आधीच सांगतो, मला राजेशाही पटत नाही. जन्मावरून कोणाला मान मिळू नये हे आपल्याला महाराष्ट्रात कोणी नव्याने शिकवायला नको. मी राहतो त्या नेदरलँड्समध्ये 27 एप्रिलला राजाचा वाढदिवस म्हणून अख्खं गाव केशरी कपड्यात फिरतं, पोरं फुटपाथवर चादर टाकून जुनी खेळणी, पझल वगैरे विकतात, मी पण जातो, मजा येते, पण म्हणून कोणाच्या पोरीने आपोआप राणी व्हावं असं काही वाटत नाही.

पण आयतं खाते म्हणणाऱ्यांनी जरा 2021 आठवा. त्या डिसेंबरमध्ये ती 18 ची होणार होती आणि कायद्याने तिला वर्षाला साधारण 16 लाख युरो सुरू होणार होते, तेव्हाच्या हिशोबाने 14 कोटी रुपये. त्यातले तीनेक लाख मानधन, बाकी स्टाफ वगैरे खर्चाला. तिने पंतप्रधान मार्क रुट्टेंना स्वतःच्या हाताने पत्र लिहून कळवलं की शिकत असेपर्यंत मानधन परत करीन आणि खर्चाचे पैसे खरंच लागेपर्यंत घेणार नाही, कारण मी बदल्यात काहीच काम करत नाहीये आणि कोरोनात बाकीच्या स्टुडंट्सचे हाल चाललेत. आता पैसेवाल्या घरची आहे, तिला परवडतं, मान्य. पण कोणी मागितले नव्हते हो, आणि अठराव्या वर्षी हे सुचायला पण लागतं.

बरं तिला हवं काय होतं? अॅमस्टरडॅममध्ये चार पोरींसारखं राहून शिकायचं होतं. सप्टेंबर 2022 ला युनिव्हर्सिटीत पॉलिटिक्स, सायकॉलॉजी, लॉ आणि इकॉनॉमिक्स असा एकत्र कोर्स घेतला, स्टुडंट्सच्या घरात राहायला गेली, आणि ऑक्टोबरमध्ये बातमी की धमक्यांमुळे ती परत हेगला आईबाबांकडे राहायला आलीये. संघटित गुन्हेगारांच्या मेसेजमध्ये तिचं नि रुट्टेंचं नाव आल्याचं पेपरात छापून आलं होतं. आईबाबा तेव्हा स्वीडनच्या दौऱ्यावर होते, तिथे राणी मॅक्सिमा पत्रकारांशी बोलताना रडवेली झाली होती, पोरीला घराबाहेरच पडता येत नाही म्हणून. आणि तिच्या वडिलांनी लायडनला शिकताना एवढी बिअर रिचवली की पेपरवाल्यांनी त्यांचं नावच 'प्रिन्स पिल्स' पाडलं, पिल्स म्हणजे बिअरच! एका पिढीत केवढा फरक पडला बघा.

2024 मध्ये कळलं की ती मधे वर्षभराहून जास्त काळ मॅड्रिदला राहून इथलाच कोर्स करत होती. स्पेनच्या राजाने मदत केली होती. इतके दिवस कोणाला पत्ता नाही, कमाल आहे. नंतर तिने थँक्यू म्हणून मॅड्रिदला ट्युलिप भेट दिले, 2025 मध्ये डिग्री पण पूर्ण केली.

माझा राग खरं तर वेगळ्याच गोष्टीवर आहे. ड्रग्जच्या धंद्यातल्या टोळ्या या देशात एवढ्या माजल्या कशा, यावर ते कमेंटवाले एक अक्षर लिहीत नाहीत. 2019 ला डेर्क विर्सम नावाच्या वकिलाला अॅमस्टरडॅममध्ये घराबाहेर गोळ्या घातल्या, का तर तो अशाच एका टोळीविरुद्धच्या साक्षीदाराची केस लढत होता. 2021 ला त्याच साक्षीदाराला मदत करणारे पीटर आर. द फ्रीस, क्राईम रिपोर्टिंगमधलं इथलं सगळ्यात मोठं नाव, टीव्ही स्टुडिओतून बाहेर पडले आणि भर रस्त्यात गोळ्या लागल्या, नऊ दिवसांनी गेले. यानंतर राजकन्येचं नाव येतं तेव्हा सरकार तिला लपवण्यापलीकडे काही करू शकत नाही, आणि लोक तिलाच बोलतात की नाटकं करते.

हां, एक मुद्दा मात्र मला पटतो, तिला जायला मॅड्रिद तरी होतं. असल्या केसेस चालवणारे वकील, जज, पत्रकार यातले कितीतरी जण आजही पोलिसांच्या गाडीतून कामाला जातात, त्यांच्या घरच्यांना कुठला राजा ठेवून घेणारे?