२९८ येन नव्हे, युआन!

परवा रात्री पावणेअकराला भाच्याचा मेसेज आला : "आत्या, जागी आहेस का?" एकोणीस वर्षांच्या मुलाला या वेळी आत्याची आठवण येते तेव्हा एक तर पैसे हवे असतात, नाही तर पैसे गेलेले असतात. गेलेले होते. अठराशे रुपये, आणि सोबत स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातलं, तीन वर्षं जमवलेल्या गेमचं अख्खं अकाउंट.

त्याचं काय झालं ते सांगतेच, पण ज्या फॉरवर्डमुळे हे घडलं तो आधी. तुमच्याकडेही आला असेल, कारण दुसऱ्याच दिवशी ऑफिसात एकाने मला तोच दाखवून विचारलं, "मॅडम, हे खरंय का हो? मुलगा मागे लागलाय." मी एका बँकेच्या कार्ड विभागात काम करते, घरी आल्यावर गेमही खेळते, त्यामुळे असल्या गोष्टी दोन्हीकडून माझ्याच गळ्यात येतात. मजकूर थोडक्यात असा :

"आपण रुपयांत गेम घेतो म्हणून लुटले जातो. स्टीमचा देश तुर्कस्तान किंवा अर्जेंटिना करा, लिरा-पेसोत तोच गेम ९० टक्के स्वस्त. जपानच्या दुकानात तर चार हजारांचा गेम २९८ येनला, म्हणजे फक्त १८० रुपये! (स्क्रीनशॉट खाली.) व्हीपीएन भारतात कायदेशीर आहे, अकाउंटला काही होत नाही. परदेशी चलन दिसलं तर 'रुपयांत भरा' निवडा, बँकेचा चार्ज वाचतो. परदेशी खरेदीवर सरकार २० टक्के टॅक्स कापतं, आमच्याकडून घेतलंत तर तोही नाही. कार्ड चालत नसेल तर आयडी-पासवर्ड पाठवा, १० मिनिटांत करून देतो."

स्क्रीनशॉटपासून सुरू करते, कारण तो बघून मला आधी हसू आलं आणि मग डोकं फिरलं.

किंमत लिहिली आहे ¥ २९८. हे चिन्ह जपानी येनचं आहे. तेच चिन्ह चिनी युआनचंही आहे. स्टीमवर दोन्हीकडे तेच दिसतं. मी चित्र मोठं करून पाहिलं. बटणावर, वर्णनात, सगळीकडे नुसती घट्ट चौकोनी चिनी अक्षरं. जपानी मजकूर असता तर त्या अक्षरांच्या मधेमधे हिरागानाची साधी वळणदार अक्षरं पेरलेली दिसली असती, त्यांच्याशिवाय जपानी वाक्यच पुरं होत नाही. इथे एक नाही. म्हणजे दुकान चीनचं, चलन युआन. येन साधारण साठ पैशांच्या आतबाहेर असतो, युआन साडेबारा रुपयांच्या आसपास. २९८ ला साडेबाराने गुणा : ३,७२५ रुपये. आपल्याकडे तोच गेम चार हजारांना. ज्याला हा मेसेज १८० रुपयांचा चमत्कार म्हणतो, त्यात बचत आहे पावणेतीनशे रुपयांची, आणि तीही चिनी अकाउंट आणि चिनी पेमेंट तुमच्याकडे असेल तर!

बरं, चिन्ह नाही कळलं, ठीक आहे. पण मनाशी एवढं तरी विचारावं की जपानमध्ये तीनशे येनात काय येतं? थंड चहाची एक बाटली आणि एखादा भाताचा गोळा. तिथे नवा मोठा गेम आठ-नऊ हजार येनला विकला जातो. हा मेसेज हजारो लोकांनी पुढे ढकलला आणि वीसपटीची चूक कुणाला खटकली नाही.

अनोळखी चलनात फसायला चोर लागतोच असं नाही, म्हणा. नुसतं लिहिण्याच्या पद्धतीनेही माणूस फसतो. अर्जेंटिना, चिली, कोलंबिया, तिन्हींचा पेसो डॉलरच्याच चिन्हाने लिहितात. तुर्कस्तानात १.२९९,०० असं लिहिलं की ते एक रुपया तीस पैशांसारखं काही नसतं, ते बाराशे नव्व्याण्णव असतं : हजारांना टिंब, सुट्ट्यांना स्वल्पविराम. इंडोनेशियाच्या रुपियाचं लघुरूप तर आपल्या रुपयाच्या इतकं जवळ आहे की एक गृहस्थ एकदा घाबरून फोनवर आले होते, मुलाच्या कार्टमध्ये सात लाखांचा गेम दिसतोय म्हणून. ६,९९,००० रुपिया होते ते. आपले पावणेचार हजार आणि वर थोडे. व्यवहार झालेलाही नव्हता, पण रक्तदाब वाढून बसला होता.

जपानबद्दल एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. निन्टेंडो या जपानी गेम कंपनीचं भारतासाठी वेगळं ऑनलाइन दुकान नाही, त्यामुळे तिचं स्विच हे गेमयंत्र वापरणारे इथले लोक दुसऱ्या देशाचं खातं उघडतात, आणि येन घसरल्यावर जपानचं दुकान खरंच परवडायचं. पण २५ मार्च २०२५ पासून त्या जपानी दुकानाने परदेशात काढलेली क्रेडिट कार्डं आणि परदेशी पेपाल खाती घेणं बंद केलं. आता तिथे जपानी प्रीपेड कोड लागतात. ते इथे कोण विकतं आणि किती वर लावून, हे तुम्ही ओळखाल.

आता लिरा-पेसो. हा मेसेजचा मुख्य दावा आणि तो शिळा आहे. नुसता शिळा नाही, आंबलेला. २० नोव्हेंबर २०२३ ला स्टीमने तुर्कस्तान आणि अर्जेंटिना या दोन्ही देशांत लिरा आणि पेसो बंद केले. तिथल्या लोकांनाही आता किंमत डॉलरमध्ये दिसते. महिनाभर आधी तसं जाहीर केलं होतं, आणि कारण दिलं होतं की या चलनांचे दर इतके हलतात की गेम बनवणाऱ्यांना किंमत ठरवणं आणि ती ताजी ठेवणं जमत नाही. ते पटण्यासारखंच आहे. त्यानंतर महिन्याभरात अर्जेंटिनाने पेसोचा अधिकृत दर एका फटक्यात निम्म्याहून खाली आणला. अशा देशात वर्षापूर्वी लावलेली किंमत म्हणजे जुन्या वहीतली उधारी.

तर २०२३ पर्यंत या दोन देशांत गेम प्रचंड स्वस्त होते, हे खरं. त्या काळात कुणी तरी घेतलेही असतील, आणि त्याच जोरावर हा मेसेज अजून जिवंत आहे. पण आज जो तुम्हाला "स्टीमवर लिरात घेऊन देतो" म्हणतो, तो तुम्हाला असं चलन विकतोय जे त्या दुकानात चालतच नाही. प्लेस्टेशनच्या तुर्की दुकानात लिरा अजून आहे, हे भाच्याने मला लगेच सुनावलं. आहे. पण तिथे खात्याचा देश एकदा ठरला की बदलता येत नाही, आणि एका देशातून घेतलेल्या गेमला दुसऱ्या देशातलं डीएलसी (गेमला जोडायचा, वेगळा विकत घ्यायचा भाग) लागत नाही. तुमची जुनी लायब्ररी एका खात्यात, नवी दुसऱ्या. करा मग संसार.

"व्हीपीएन कायदेशीर आहे, अकाउंटला काही होत नाही." या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी शिवल्या आहेत. व्हीपीएन, म्हणजे तुम्ही दुसऱ्या देशातून आलात असं भासवणारी सोय, वापरलीत म्हणून सरकार तुम्हाला पकडणार नाही, बरोबर. पण अकाउंट सरकारने दिलेलं नाही. खातं उघडताना ज्या करारावर न वाचता आपण सगळ्यांनी टिक केली, तो स्टीमचा सबस्क्रायबर करार काढा. त्यात सरळ लिहिलंय की राहण्याचं ठिकाण लपवायला, आणि आपल्या भागाला लागू नसलेल्या किमतीत खरेदी करायला, आयपी प्रॉक्सी किंवा तसली कुठलीही युक्ती वापरायची नाही. वापरलीत तर व्हॉल्व्ह, म्हणजे स्टीम चालवणारी कंपनी, तुमचं खातं बंद करू शकते. प्रत्येकाचं करतेच असं मी म्हणत नाही. पण "काही होत नाही" हे वाक्य त्या करारासमोर टिकत नाही. शिवाय देश बदलायचा तर त्या देशातलं पेमेंट लागतं आणि तीन महिन्यांतून एकदाच बदलता येतो. हा करार हाताशी ठेवा, खाली पुन्हा लागणार आहे.

"रुपयांत भरा." हे माझ्या रोजच्या कामाचं आहे, म्हणून आकडेच देते. समजा गेम ६० डॉलरचा, आणि हिशेबापुरता डॉलर ९० रुपये. झाले ५,४००. बऱ्याच कार्डांवर परदेशी चलनाचा मार्कअप, म्हणजे बँकेने वर लावलेला चार्ज, साडेतीन टक्के असतो : १८९ रुपये. त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी : ३४. एकूण ५,६२३. आता तुम्ही शहाणपणा करून पेमेंटच्या पानावर 'रुपयांत भरा' दाबलंत. तेव्हा रूपांतर तुमची बँक करत नाही, मधली कंपनी करते, आणि ती आपल्या दराने करते. तिने पाच टक्के वर लावले तर तिथेच ५,६७० झाले. आणि गंमत पुढेच आहे : दुकान परदेशात नोंदलेलं असेल तर रक्कम रुपयांत असूनही बऱ्याच बँका त्यावर साधारण एक टक्का आणि जीएसटी लावतात. आणखी ६७ रुपये. एकूण ५,७३७. वाचवायला निघालात आणि एकशे चौदा जास्त दिले. म्हणून तिथे डॉलरच ठेवायचा. दुकानाने स्वतः भारतासाठी ठरवलेली रुपयांतली किंमत ही वेगळी गोष्ट, स्टीमवर ती २०१५ पासून आहे, तिच्याबद्दल हे नाही.

आणि हो, दर खरेदीच्या दिवसाचा लागत नाही, व्यवहार दोन-तीन दिवसांनी बँकेत पक्का होतो तेव्हाचा लागतो. गेम परत केलात तर पैसे त्या दिवशीच्या दराने येतात आणि मार्कअप बहुधा येतच नाही. स्टेटमेंट हातात घेऊन "तीनशे रुपये कुठे गेले" विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांचे पैसे इथे गेलेले असतात.

२० टक्के टॅक्सचं ऐकून मला कंटाळाच आला. परदेशात पाठवलेल्या पैशांवर जागीच कापून घेतला जाणारा कर, टीसीएस, आहे तो, एका वर्षात ठरावीक रकमेच्या वर गेलात तर. ती मर्यादा आधी ७ लाख होती, १ एप्रिल २०२५ पासून १० लाख. वर्षाला दहा लाखांचे गेम घेणारं कुणी असेल तर त्याने मला भेटावं, मला उसने हवे आहेत.

आता शेवटचं वाक्य, ज्याच्यासाठी वरचा सगळा मेसेज लिहिलेला आहे. "कार्ड चालत नसेल तर आयडी-पासवर्ड पाठवा."

भाच्याचं कार्ड खरंच चालत नव्हतं. त्याला गोंडस दिसणारा डॉलरमधला एक छोटा गेम घ्यायचा होता, वडिलांचं कार्ड दोनदा नाकारलं गेलं, आणि त्याच संध्याकाळी कॉलेजच्या ग्रुपवर हा मेसेज पडला. कार्ड का चालत नव्हतं? कारण ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात. बँकेच्या अॅपमध्ये कार्डाच्या सेटिंगला जाऊन 'आंतरराष्ट्रीय' आणि 'ऑनलाइन' ही दोन बटणं आपण चालू करायची, मर्यादा घालायची, काम झालं की परत बंद करायची. दादाच्या अॅपमध्ये मी फोनवर सांगून ती चालू करून घेतली. अर्ध्या मिनिटाचं काम. त्या अर्ध्या मिनिटाच्या अज्ञानावर या माणसाचा धंदा चाललाय.

पोराने अठराशे रुपये यूपीआयने पाठवले, मग आयडी, मग पासवर्ड, आणि मेलवर आलेला कोडसुद्धा. "व्हेरिफिकेशनसाठी" म्हणे. वीस मिनिटांत खात्याचा मेल बदलला, फोन नंबर बदलला, आणि समोरचा ब्लॉक करून मोकळा. मी विचारलं, कोड का दिलास रे? तर म्हणतो, "तो म्हणाला दहा मिनिटांतच चालतो, घाई कर."

तोच करार पुन्हा काढा. पासवर्ड कुणाला सांगायचा नाही, खातं दुसऱ्याला वापरू द्यायचं नाही, हेही त्यातच आहे. आणि बँकेकडून मदत मिळेल म्हणाल, तर रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक सांगतं की ग्राहकाने स्वतःच गुप्त माहिती दिल्यामुळे नुकसान झालं असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. इथे तर पैसे त्याने स्वतःच्या हाताने पाठवले होते. मी ज्या टेबलावर बसते तिथून मला माझ्या भाच्यासाठी काही करता आलं नाही. रात्री बाराला त्याला १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन लावायला लावला, सायबर तक्रार नोंदवली.

अकाउंट परत आलं. तीन वर्षांपूर्वी पहिला गेम दादाच्या कार्डावर घेतला होता, त्या पहिल्या खरेदीचा मेल आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे सपोर्टला दिल्यावर खातं त्याचंच आहे हे त्यांनी मान्य केलं. अठराशे रुपयांचा अजून पत्ता नाही. वहिनीला आम्ही अजून सांगितलेलं नाही, आणि ती हे वाचणार नाही अशी आशा आहे.

आज सकाळी तोच मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला. स्क्रीनशॉट तोच, ¥ २९८ तेच. फक्त खालचा मोबाइल नंबर बदललेला.