आमची घरघंटी

माझा संगणक २०१० सालचा आहे. २७ इंची पडद्याच्या पाठीतच सगळी यंत्रसामग्री दडवलेला हा प्रकार दिसायला देखणा असला, तरी अलीकडे तो सुरू करून मी चहा टाकत असे आणि चहा पिऊन कप विसळून आल्यावर त्याचे पहिले चित्र उमटत असे. दोष मिनिटाला ७२०० फेऱ्या मारून थकलेल्या जुन्या हार्ड डिस्कचा होता. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे चकतीऐवजी चिपांवर माहिती साठवणारी नव्या प्रकारची डिस्क, बसवली की यंत्र तरुण होते, असे मला चार जणांनी सांगितले. एसएसडीत फिरणारा एकही भाग नसल्यामुळे ती आवाज करत नाही आणि फारशी तापतही नाही, हेही त्यांनीच सांगितले. त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे निघाले आणि माझ्या पुढच्या सर्व हालअपेष्टांचे मूळही तेच ठरले.

दुकानदाराने बसवण्याची जी मजुरी सांगितली, ती ऐकून माझ्यातला कारागीर जागा झाला. या संगणकाच्या पुढची काच निव्वळ लोहचुंबकांनी धरलेली असते. ती ओढण्यासाठी रबरी चूषक लागतात, ते मी न्हाणीघरातल्या टॉवेलच्या हुकांमधून मिळवले. काचेखालच्या पडद्याचे आठ स्क्रू सहा टोकांच्या चांदणीच्या आकाराचे असल्यामुळे त्यांच्यासाठी टी-१० मापाचा स्क्रूड्रायव्हर तपकीर गल्लीतून आणला. काच धरणारी चुंबके सैल झालेला प्रत्येक स्क्रू माझ्या हातून हिसकावून घेत होती, ते सोडले तर शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली. जुनी डिस्क निघाली, नवी बसली. शेवटी फक्त दोन तारांची एक बारीकशी केबल उरली, कारण ती जोडायला नव्या डिस्कवर जागाच नव्हती. जोडायला जागा नाही त्या अर्थी ती अनावश्यक असणार, असा तर्क मी केला आणि तिला आत सारून काच लावून टाकली.

संगणक २० सेकंदांत सुरू झाला. मी घरातल्या सर्वांना बोलावून तो दोनदा बंद-चालू करून दाखवला. तिसऱ्या प्रयोगाच्या वेळी आतून एक बारीक सूर निघाला, तो हळूहळू चढत गेला आणि दोन-तीन मिनिटांत असा काही घरघराट सुरू झाला की पत्नीने स्वयंपाकघरातून मिक्सर बंद करायला सांगितले. आईने शांतपणे श्रवणयंत्र काढून पोथीत खुणेसारखे ठेवले आणि त्या दिवसापुरती घरात ती एकटीच सुखी राहिली. संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू डबा घेऊन वर आल्या. “घरघंटी घेतलीत वाटतं? मग दोन किलो भाजणी तेवढी काढून द्याल का?” असे त्यांनी विचारले.

मी कारणाचा शोध घेतला. ज्या दोन तारांना मी अनावश्यक ठरवले होते, त्या जुन्या डिस्कचे तापमान संगणकाला कळवत असत. त्या निरोपावरून डिस्कजवळच्या पंख्याचा वेग ठरे आणि एरवी तो मिनिटाला सुमारे ११०० फेरे घेत निवांत असे. आता निरोप येणेच थांबले होते. आपल्याकडे मौन हे संमतीचे लक्षण मानतात, पण माझा संगणक ते अनर्थाचे लक्षण मानत होता. पुण्याहून निघालेल्या मुलाचा रात्री दहापर्यंत फोन आला नाही की आमची आई जी कल्पना करते, तीच तोही करत होता. डिस्क पेटलीच असणार असे गृहीत धरून त्याने पंख्याचा वेग पाच पटींहून अधिक वाढवला होता. पंख्याचा वेग नुसता दुप्पट झाला तरी आवाज साधारण १५ डेसिबलने चढतो, हे वाचल्यावर काकूंच्या भाजणीचे मला मुळीच नवल वाटेना. यातला विनोद असा की, हा सारा वारा ज्या डिस्कला घातला जात होता, ती घरातल्या माठाइतकी गार होती.

पहिला उपाय फुकटचा असल्यामुळे मी तो सात वेळा केला. संगणकाची वायर भिंतीतून काढून १५ सेकंद थांबायचे, पुन्हा लावून पाच सेकंदांनी बटण दाबायचे, म्हणजे आतला नियंत्रक नव्याने विचार करू लागतो. आमच्या नियंत्रकाने सातही वेळा नव्याने विचार केला आणि तो पूर्वीच्याच निष्कर्षाला आला. दुसरा उपाय पंख्यावर हुकूम चालवणाऱ्या एका छोट्या प्रोग्रामचा होता. हा प्रोग्राम एसएसडीला तिचे तापमान सरळ विचारतो आणि तीही सरळ उत्तर देते. घरात शांतता नांदली. मात्र हा प्रोग्राम कामावर येतो तो मी पासवर्ड टाकून आत शिरल्यानंतर, हे मला पहाटे तीन वाजता कळले. संगणकाने मध्यरात्री स्वतःला अद्ययावत करून घेतले होते, आपणहून पुन्हा सुरू झाला होता आणि माझ्या पासवर्डची वाट पाहत भाजणी दळत बसला होता.

शेवटी टॉवेलचे हुक पुन्हा काढले. माझ्या मॉडेलच्या त्या दोन तारा एकमेकींना जोडून दिल्या की पंखा सर्वांत कमी वेगावर राहतो, अशी माहिती मिळाली होती. प्रोसेसरचा पंखा वेगळा असून त्याला स्वतःचा सेन्सर आहे, याची खात्री करून मी हे धाडस केले. काही हजारांच्या डिस्कने बिघडवलेले काम विजेच्या बिलाला लावलेल्या यू-पिनेच्या अर्ध्या इंचाच्या तुकड्याने झाले. वर चिकटपट्टी गुंडाळली, काच बसवली आणि बटण दाबले. दहा मिनिटे झाली, अर्धा तास झाला, तरी आतून चकार शब्द नाही. काच आणि पडदा यांच्या मधोमध माझा एक पांढरा केस अडकलेला स्पष्ट दिसत होता, परंतु तो काढण्याचा विषय पत्नीने तिथल्या तिथे बंद केला.

आता घर इतके शांत आहे की मला झोप लागत नाही. संगणकाला आपण खोटे सांगितले आहे आणि तो बिचारा त्यावर विसंबून आहे, हा विचार रात्री दोनच्या सुमारास येतो. मग मी उठतो आणि अंधारात त्याच्या पाठीवर तळहात ठेवून उभा राहतो. काल पत्नीला जाग आली.

“ताप आहे का?” तिने विचारले.

“नाही.”

“मग झोपा. आणि काकूंचा डबा उद्या परत नेऊन द्या.”