अवसेचा बंब

दुर्बीण घरी आली त्या दिवशी आईने तिला हळदकुंकू लावलं आणि नाव ठेवलं ‘बंब’. 8 इंची आरसा, 4 फुटी नळी. मलाही वाद घालता येईना.

आमचं भांडण तिथीवरून. आकाशदर्शनाला चंद्र नको, म्हणजे अवस हवी. आणि आमच्याकडे अवसेला केससुद्धा कापत नाहीत. 2025 च्या मार्गशीर्षातल्या अवसेला मी चाळकेवाडीच्या पठारावर निघालो, तेव्हा आई काही बोलली नाही. मला तिथेच शंका यायला हवी होती.

सज्जनगड, ठोसेघर मागे टाकून आम्ही पाच जण वर पोचलो. अंधार झकास. पण एवढ्या पवनचक्क्या जिथे उभारल्यात तिथे वारा असणार, हे पाचांपैकी एकाही पदवीधराच्या डोक्यात आलं नव्हतं. मृगातला तेजोमेघ दुर्बिणीत लेझीम खेळत होता. एकाने नळी धरायची, दुसऱ्याने बघायचं.

डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो, म्हणून टॉर्चला लाल पतंगी कागद. अर्ध्या तासाने देवयानी दीर्घिका सापडली. 25 लाख वर्षांपूर्वी निघालेला उजेड माझ्या डोळ्यात शिरणार, एवढ्यात मोटरसायकलचा हेडलाइट शिरला.

वाडीतले दोघे, हातात काठ्या. त्यांना काय दिसलं असेल? अवस, ओसाड माळ, लाल उजेड आणि शाली पांघरून नळीभोवती वाकलेली पाच माणसं.

“काय पाव्हणं, गुप्तधन का?”

“नाही हो मामा, शनी बघतोय.”

हे उत्तर अवसेला देऊ नये. पुरावा म्हणून मी भिंगांची पिशवी उघडली, तर आतून लिंबू घरंगळत जाऊन मामांच्या पायाशी थांबलं. आई!

शेवटी शनीनेच वाचवलं. मामांनी चपला काढल्या, हात जोडले, डोळा लावला.

“कडं म्हणत्यात ते कुठाय? ही तर काडी दिसतीया.”

मी सांगितलं, कडी दर 15-एक वर्षांनी आपल्याला काठावरून दिसतात. मार्चमध्ये पृथ्वी त्यांच्या पातळीत आली होती, अजूनही ती आडवीच आहेत.

“आन् फेरा किती वर्साचा?”

“साडेएकोणतीस.”

“बारा राशींला वाटलं तर अडीच. तीन राशींचं साडेसात.” मामा सोबत्याकडे वळले. “खरीच हैत रं ही मान्सं. हिशोब जुळतुया.”

मग मला, हळू आवाजात, “पोराची कवा सुटंल?”

तेवढं दुर्बिणीतून दिसत नाही म्हणालो. त्यांना ते फारसं पटलं नाही. चांगलं भिंग राखून ठेवलंय असंच वाटलं असावं.

जाताना त्यांनी दुर्बिणीच्या बैठकीवर दोन धोंडे ठेवले आणि वर ते लिंबू. त्यानंतर नळी जागची हलली नाही.

धोंड्यांचं आईला सांगितलंय.