अलार्मला गप्प बसवायची कोल्हापुरी रीत

आयसीयूतला मॉनिटर फार आगाऊ. पेशंटनं नुसती कूस बदलली तरी लागला बोंबलायला. इकडं ड्युटी रूममध्ये मिसळीवर जादा कट ओतून झालाय, ब्रेड बुडवलाय, आणि सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, 89 झालं म्हणून उठायचं? छे! सेटिंगला हात घाला.

आधी अ‍ॅव्हरेजिंग 8 सेकंदांवरून 16 वर न्या. मग आकडा 16 सेकंदांची सरासरी दाखवतो आणि खड्डे आपोआप बुजतात, अगदी पावसाळ्यापूर्वी आपल्या रस्त्यांवरचे बुजतात तसेच. त्यावर अलार्मचा डिले 15 सेकंद ठेवा. हे दोन उशीर एकमेकांत धरायचे नसतात, एकाच्या डोक्यावर दुसरा चढतो. पण हे कुणाला सांगत बसू नका. त्यात पेशंटचा हात गार असला, तर फुप्फुसात घडलेलं बोटाला कळेपर्यंतच अर्धा मिनिट जाऊ शकतो. नशिबात असेल तर मिनिटभर मिळतो. तेवढ्यात एक स्लाइस होते.

डिले ठोक सेकंदांचाच बरा. 89 असो की 70, थांबणार 15 सेकंदच! काही मॉनिटर उगाच हिशेबी असतात, ते घसरणीची खोली आणि वेळ यांचा गुणाकार करतात. मर्यादा 90 आणि आकडा 87, म्हणजे सेकंदाला 3 गुण. सेटिंग 25 गुणांची असेल तर आठेक सेकंदांत ओरडणार. आकडा 80 वर गेला तर अडीच सेकंदांत. असली हुशारी बंदच ठेवलेली बरी.

खालची मर्यादाही 85 वर आणा. सीओपीडीवाल्यांना, म्हणजे जुनाट फुप्फुसविकार असलेल्यांना, 88 ते 92 चालतं ना, मग बाकीच्यांना काय धाड भरलीय? 90 म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब साधारण 60 मिलिमीटर पारा. तिथवर गगनबावड्यापर्यंतचा रस्ता, पुढं करूळ घाटाचा उतार. दाब थोडा उतरला की सॅच्युरेशन धडाधड खाली. ब्रेक पायथ्याशी दाबा की!

फक्त प्रोब, म्हणजे बोटाला लावलेला सेन्सरचा चिमटा, बघायला जाऊ नका. बीपीचा पट्टा त्याच हाताला असतो, तो फुगला की बोटातली नाडीच जाते आणि दर मोजणीला अलार्म होतो. पट्टा दुसऱ्या हाताला बांधला, नेलपॉलिश पुसलं, सैल प्रोब नीट बसवून वरून कापड टाकलं, की खोटे अलार्म कमी होतात. मग इतकी मेहनत घेऊन लावलेल्या डिलेला काम काय उरणार?

ड्युटी बदलताना सेटिंगचं काही बोलू नका. सकाळच्या सिस्टरला वाटू दे, पेशंट रात्रभर शांत झोपला.