शहर वाचवण्यासाठी शेतं बुडवताना

शहर वाचवण्यासाठी जाणूनबुजून शेतं बुडवावीत का, हा प्रश्न आला की आपण लगेच डोकी मोजतो: इकडे हजारो माणसं, तिकडे नुसती पिकं. अमेरिकेत 2011 साली मिसिसिपीच्या महापुरात घेतला गेलेला निर्णय वाचल्यापासून मला हा हिशेब अपुरा वाटतो.

ओहायो आणि मिसिसिपी यांच्या संगमावर, इलिनॉय राज्याच्या टोकाला केरो हे गाव आहे. तिथे जेमतेम तीन हजारांच्या आत वस्ती होती आणि बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय व गरीब होते. 2 मे 2011 रोजी तिथली पाण्याची पातळी 61 फुटांच्या वर गेली आणि 1937 चा विक्रम मोडला. त्या रात्री लष्कराच्या अभियंता दलाने नदीपलीकडे, मिझुरी राज्यात, बर्ड्स पॉइंट येथील तटबंध स्फोटकांनी उडवला. सुमारे 1 लाख 30 हजार एकर क्षेत्रात पाणी पसरले आणि केरोजवळची पातळी उतरू लागली. हा निर्णय थांबवण्यासाठी मिझुरी सरकार न्यायालयात गेले होते, पण सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप करण्यास नकार दिला. त्याच दिवसांत मिझुरीच्या विधानसभेच्या अध्यक्षांना केरो बुडावे की शेतजमीन, असे विचारले असता त्यांनी केरोचे नाव घेतले आणि नंतर त्यांना माफी मागावी लागली. गरीब गाव असले की त्याच्या बुडण्याविषयी किती सहज बोलता येते, हे त्या एका उत्तरातून दिसते.

तटबंध फोडण्याचा निर्णय मला योग्य वाटतो. तो ऐन वेळी सुचलेला नव्हता. 1927 च्या भीषण पुरानंतर 1928 मध्ये झालेल्या कायद्यानेच हा पट्टा पुराचे पाणी घेण्यासाठी राखून ठेवला होता, आणि तिथल्या बहुतेक जमिनींवर पाणी सोडण्याचा हक्क सरकारने पैसे मोजून घेतला होता. 1927 मध्ये मात्र न्यू ऑर्लिन्स वाचवण्यासाठी कार्नार्व्हन येथे सुरुंग लावून तटबंध फोडताना खालच्या भागातल्या लोकांना भरपाईचे वचन दिले गेले आणि बहुतेकांच्या हाती फारच थोडे पडले. त्या तुलनेत 2011 ची प्रक्रिया निश्चितच अधिक न्याय्य होती.

तरीही पिनहूकचा विचार केला की मी अडखळतो. त्या राखीव पट्ट्यातली ही छोटी वस्ती 1940 च्या दशकात कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी वसवली. वाट्याने दुसऱ्यांच्या जमिनी कसणाऱ्या या कुटुंबांना, वर्णभेदाच्या त्या काळात, स्वतःची म्हणून विकत घेता आली ती हीच सखल, बुडणारी जमीन. 2011 मध्ये त्यांची घरे उद्ध्वस्त झाली आणि पुन्हा एकत्र वसण्यासाठी त्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. पाणी ओसरल्यावर अनेक मोठ्या शेतकऱ्यांनी त्याच हंगामात सोयाबीन पेरले, पण उठलेले गाव पुढच्या हंगामात पेरता येत नाही.

म्हणून पाणी सोडण्याचा हक्क विकत घेतला एवढ्यावर सरकारची जबाबदारी संपते, हे मला मान्य नाही. राखीव पट्ट्यात राहणाऱ्या प्रत्येक घराच्या स्थलांतराची वाहने, तात्पुरता निवारा आणि नव्या जागेवर घर बांधण्याचा निधी यांची तरतूद पूर येण्याआधीच त्याच कायद्यात असायला हवी, आणि जिच्या रक्षणासाठी पाणी वळवले जाते त्या वस्तीबरोबरच, बाकीचे तटबंध टिकल्याने ज्यांचा फायदा होतो अशा खालच्या सगळ्या शहरांच्या करातून त्या निधीत वाटा पडायला हवा.