कपात खोगीरभरतीची होती

चीनच्या सैन्यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. चीनचं सैन्य २३ लाखांवरून २० लाखांवर आलं, १९७९ नंतर ते मोठं युद्ध लढलेलं नाही, तरी मी त्याचा बाऊ करतो आणि आपल्या जवानांना कमी लेखतो, असं तुम्ही म्हणता. शेवटचं वाक्य मनाला लागलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

१९७९ चंच घ्या. व्हिएतनाममध्ये घुसलेल्या त्या फौजेत हुद्देच नव्हते. १९६५ मध्येच ते रद्द झाले होते. अधिकारी ओळखायचा तो डगल्याच्या चार खिशांवरून, शिपायाला दोनच खिसे. तुकड्यांची सरमिसळ झाली की हुकूम कोणाचा मानायचा, हेच कळेना. ही नामुष्की त्यांनी विसरून टाकली नाही. १९८५ मध्ये तेव्हाचे चीनचे सर्वोच्च नेते देंग श्याओपिंग यांनी १० लाखांची कपात जाहीर केली, १९८८ मध्ये हुद्दे परत आले. पुढे १९९१ मध्ये अमेरिकेनं इराकची दाणादाण उडवली, तेव्हा तर बीजिंगची झोपच उडाली. इराकची फौजही त्यांच्यासारखीच, सोव्हिएत धाटणीची आणि संख्येवर विसंबलेली.

म्हणून २०१५ ची ३ लाखांची कपात मला दुबळेपणाची खूण वाटत नाही. ती बरीचशी भूदलातली खोगीरभरती होती. आज भूदल एकूण सैन्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. भर आहे तो नौदल, हवाई दल आणि क्षेपणास्त्रांवर. युक्रेनकडून १९९८ मध्ये घेतलेला विमानवाहू जहाजाचा अर्धवट सांगाडा २०१२ मध्ये ‘लिआओनिंग’ म्हणून नौदलात आला. नोव्हेंबर २०२५ मध्ये दाखल झालेली ‘फुजियान’ त्यांनी स्वतः बांधली, आणि तिच्यावरून विमानं विद्युतचुंबकीय यंत्रणेनं उडतात. अवघ्या तेरा वर्षांतली ही मजल!

आणि आपल्याशी थेट संबंध असलेली गोष्ट म्हणजे चिनी सैन्याची २०१६ ची फेररचना. भारताला लागून असलेली सगळी सीमा आता एकाच पश्चिम कमांडकडे आहे, भूदल आणि हवाई दल दोन्ही तिच्या हुकमाखाली. आपल्याकडे तीच सीमा लष्कराच्या वेगवेगळ्या कमांडमध्ये विभागलेली, हवाई दलाच्या कमांड आणखी निराळ्या.

युद्धाचा अनुभव नाही, हे तुमचं बरोबर. भ्रष्टाचारही आहे: वेई फेंगह आणि ली शांगफू या दोन माजी संरक्षणमंत्र्यांची जून २०२४ मध्ये पक्षातून हकालपट्टी झाली. हे मूळ लेखात यायला हवं होतं, चूक माझी. आजच तो परिच्छेद घालतो.

पण गलवानमध्ये कर्नल संतोष बाबूंसह आपले २० जण गेले. त्या उंचीवर उभ्या असलेल्या जवानाला समोरच्याची खरी ताकद सांगणं म्हणजे त्याला कमी लेखणं, हे मी मान्य करणार नाही.