वाड्यात राहणाऱ्यांना पैसे कशाला हवेत?

दिवाळीत मुंबईला आले होते तेव्हा दादाने सगळ्यांची तिकिटं काढली. तो, वहिनी, भाचा, आई आणि मी. परळचं मल्टिप्लेक्स, संध्याकाळचा शो, पडद्यावर तीन मोठे हिरो, दोन नायिका आणि चोरीला गेलेला एक हिरा. सिनेमाचं नाव घेत नाही. तसंही दर वर्षी नाव बदलून तोच येतो. अडीच तासांत सगळ्यात मोठा हशा पिकला तो मध्यंतरानंतर. पडद्याकडे बघत पायऱ्या चढणारे एक काका अंधारात अडखळले आणि साडेपाचशे रुपयांचा पॉपकॉर्नचा टब पुढच्या रांगेवर उपडा झाला. काका पडले नाहीत. त्यांनी आधी टबात किती उरलंय ते पाहिलं आणि मग लोकांची माफी मागितली. सगळं थिएटर हसलं.

सिनेमा आपटला आणि घरच्या ग्रुपवर वाद पेटला. दादाचं म्हणणं, लोकांना हल्ली हसायला येत नाही, मोबाइलवर तीस सेकंदांचे विनोद बघून सवय बिघडली. वहिनीने तिकिटाच्या दरांवर खापर फोडलं. मी म्हटलं, सिनेमाच वाईट होता. त्यावर ठरलेलं उत्तर आलं: “अगं, असले सिनेमे डोकं घरी ठेवून बघायचे असतात. तुम्ही तिकडे राहून फार शहाणे झालात.”

आता मी चौदा वर्षं लंडनला, हॅरोमध्ये राहते. शहाणपण किती आलं ते माहीत नाही, पण परतल्यावर हाच सिनेमा मी दुसऱ्यांदा पाहिला, कारण नवऱ्याने तिकिटं आधीच काढून ठेवली होती. रविवार दुपार, आम्ही धरून अकरा माणसं. माझ्यापुढे एक गुजराती कुटुंब, मागे शिकायला आलेली चार मुलं. परळला हशा जिथे मावळला होता, तिथेच इथेही मावळला. पहिल्या हिरोच्या एंट्रीला मुलांनी शिट्टी मारली, तिसऱ्याच्या एंट्रीला एकाने मोबाइल काढला. तिकडे राहून माझी नाळ तुटली म्हणून सिनेमा आवडला नाही, हा ग्रुपवरचा मुद्दा मी तिथेच सोडून दिला. कंटाळा दोन्हीकडे अगदी सारखा होता.

आणि गंमत म्हणजे सिनेमा घडतो लंडनमध्येच. ब्रिटनमध्ये अटी पाळल्या तर चित्रीकरणाच्या खर्चावर करसवलत मिळते, म्हणून आपली बरीच कथानकं विमानात बसून इकडे येतात. त्यात गैर काही नाही. पण हे तिघे बेकार मित्र राहतात कुठे, तर गावाबाहेरच्या एका वाड्यात, ज्याच्या दारातून हत्ती आत जाईल. मी इथे आले तेव्हा दोघांत एक खोली होती, भिंतीला ओल, आणि हीटर किती वेळ लावायचा यावरून रोज भांडण. नोकरी गेली तर व्हिसाचं काय, ही धाकधूक वेगळीच. आता इथे डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापर्यंतच घेता येतं, तरी ते परत मिळवताना घरमालक गालिच्यावरचा एकेक डाग मोजतो. विनोदाचा एवढा कच्चा माल दाराशी पडलेला असताना यांना दिसला तो टॉवर ब्रिज.

परळहून घरी जाताना टॅक्सीत आईने विचारलं होतं, “एवढ्या मोठ्या वाड्यात राहतात, तर त्यांना पैसे कशाला हवेत गं?” दादा म्हणाला, “आई, तू झोपली होतीस.” झोपली होती हे खरं. तरी नेमकी फट तिनेच पकडली.

फसवाफसवीच्या गोष्टीला आधी अडचण लागते, आणि ती खोटी चालत नाही. ‘अशी ही बनवाबनवी’ 1988 चा. त्यात लक्ष्मीकांत बेर्डे आणि सचिन साडी नेसतात, कारण घरमालकिणीला भाडेकरू म्हणून जोडपीच हवीत आणि या चौघांना दुसरीकडे कुठे छप्पर नाही. साडी सुटली तर घर सुटेल, म्हणून आपण पदराकडे जीव मुठीत धरून बघतो. मुंबईत अकरा महिन्यांच्या करारावर घर शोधलेल्या कुणालाही ती भीती समजावून सांगावी लागत नाही. परवाच्या सिनेमातही एक हिरो साडी नेसतो. एका गाण्यापुरती. पुढच्या प्रसंगात तो सूटमध्ये असतो आणि साडीचं पुढे काय झालं हे कुणी विचारत नाही.

‘हेरा फेरी’चंही तेच. 2000 सालचा तो सिनेमा मुळात एका मल्याळम चित्रपटावरून घेतलेला, पण बाबूराव गणपतराव आपटे हा माणूस आपल्याला चाळीतला वाटतो. चुकून आलेल्या एका फोनवरून तिघे अपहरणाच्या भानगडीत पडतात, कारण तिघांचेही खिसे फाटलेले आहेत. परेश रावल यांचा तो जाड भिंगाचा चष्मा, चिडल्यावर फाटणारा आवाज. त्या माणसाकडे इभ्रत म्हणून उरलेली थोडीशीच आहे आणि तीही दर पाच मिनिटांनी जाते.

मोठ्या हिरोला नेमकं हेच परवडत नाही. त्याने मार खायचा तर स्लो मोशनमध्ये, घाबरायचं तर लगेच पुढच्या शॉटला दहा जणांना लोळवून. तिघे असले की प्रत्येकाला एंट्री, प्रत्येकाला गाणं, प्रत्येकाला शेवटचा पंच. मग ज्याच्यावर हसायचं तो माणूस कोण? तर बिचारा नोकर, नाहीतर जाडी बाई, नाहीतर तोतरा बोलणारा कुणीतरी. भाचा चौदा वर्षांचा आहे, तोसुद्धा म्हणाला, “आत्या, हे जरा जास्तच होतंय.”

दादाने यावर बरोबर तीर मारला: “आमिर आणि सलमान होते की ‘अंदाज अपना अपना’त!” होते. आणि दोघेही पहिल्यापासून शेवटपर्यंत मूर्ख दिसायला तयार होते, म्हणून तो सिनेमा आजही लोक बघतात. पण 1994 मध्ये तो चालला नाही, हेही तितकंच खरं. म्हणजे आपटलेला प्रत्येक सिनेमा वाईट नसतो, आणि माझा नियम काही गणिताचा नाही. हे मी ग्रुपवर कबूल केलं. दादाने अंगठा पाठवला.

इथे लंडनला विनोदाचं सगळं बरं चाललंय असं मात्र समजू नका. टीव्हीवरचा चेहरा पोस्टरवर लावून तिकिटं विकायची खोड इथेही आहे. नाताळातले पँटोमाइमचे, म्हणजे परीकथांवरच्या गाणी-विनोदांच्या नाटकांचे, खेळ त्यावरच भरतात. पण ‘द प्ले दॅट गोज राँग’ नावाचं नाटक 2012 मध्ये एका पबमधल्या चिमुकल्या थिएटरात सुरू झालं, एकही नाववाला नट नाही, आणि दोन वर्षांत ते वेस्ट एंडला, म्हणजे लंडनच्या मोठ्या नाट्यगृहांच्या भागात, डचेस थिएटरात पोचलं. त्यात काय होतं? नेपथ्य कोसळतं, दार उघडत नाही, आणि नट मंडळी घामाघूम होऊन प्रयोग पुढे रेटत राहतात. ते बघताना मला सारखी दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहाची आठवण येत होती.

कारण आपल्याकडे ही विद्या होतीच. विजय चव्हाणांची ‘मोरूची मावशी’ लहानपणी बाबांच्या मांडीवर बसून पाहिली, एवढंच आठवतं की शेजारच्या आजी हसता हसता रडत होत्या. नाटकातल्या नटाला आपला विनोद पडला हे त्याच क्षणी समोरून कळतं. पुढच्या प्रयोगाला तो वाक्य आधी घेतो, थांबतो, नाहीतर काढूनच टाकतो. पाच-पंचवीस प्रयोगांत जागा पक्क्या होतात. सिनेमाच्या हिरोभोवती मेकअपमन, मॅनेजर, मित्र आणि मित्रांचे मित्र असतात, आणि सेटवर ते सगळे पहिल्याच टेकला खो-खो हसतात.

पुढच्या दिवाळीला दुसरा भाग येईल म्हणे. दादा जाणार आहे. सगळ्यांनी मिळून तीन तास एसीत बसायचं, त्याचं त्याला अप्रूप आहे आणि ते मला कळतं. मी सुचवलं, या खेपेला दादरला नाटकाची तिकिटं काढ.

“पार्किंग कुठे करायचं?” त्याने विचारलं.

या मुद्द्यावर मात्र माझ्याकडे काही उत्तर नव्हतं.